ब्लॅकमेल आणि खंडणी: गल्लत कुठे होते?

‘ब्लॅकमेल’मधला ‘मेल’ टपालाचा नाही. धमकीची पत्रं आणि आता ई-मेल यांमुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण टपालाचा ‘मेल’ जुन्या फ्रेंचमधल्या थैलीवरून आला, आणि हा ‘मेल’ स्कॉटलंडचा. तिथे त्याचा अर्थ जमिनीचं भाडं. आपल्याकडे कूळ मालकाला देतं तो खंडच म्हणा ना!

सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारूंच्या टोळ्या गुरं हाकून न्यायच्या. गोठा शाबूत राहावा म्हणून शेतकरी टोळीच्या म्होरक्याला पैसे, धान्य, कधी एखादं जनावर द्यायचा. म्हणजे मालकाचा खंड वेगळा आणि लुटारूचा हा काळा खंड वेगळा. १६०१ साली इंग्लंडच्या संसदेने याविरुद्ध कायदा केला, त्यात हा शब्द आहे. तेव्हा त्यात गुपिताचा संबंधच नव्हता. बदनामीच्या धमकीचा अर्थ बराच नंतर, एकोणिसाव्या शतकात रूढ झाला.

‘एक्स्टॉर्शन’ लॅटिनमधून आला. मूळ धातू पिळण्याचा, ‘टॉर्चर’ही त्यातलाच. आपणही ‘पैसे पिळून काढले’ असंच म्हणतो. त्याला मराठीत शब्द आहे खंडणी. मराठेशाहीच्या कागदांत ती मांडलिकाने द्यायची रक्कम होती, आज पोलिसांच्या कागदांत तो गुन्हा आहे.

आता मुद्द्याचं. दुकानदाराला ‘हप्ता दे, नाहीतर दुकान फोडतो’ म्हटलं की आपण बिनदिक्कत खंडणी म्हणतो. कॉलेजातल्या मुलीला ‘पैसे टाक, नाहीतर फोटो तुझ्या बाबांना पाठवतो’ असा मेसेज आला की मात्र ते ब्लॅकमेल, म्हणजे तिची खाजगी भानगड. ही वाटणी मला फार घातक वाटते, कारण अशी मुलगी स्वतःलाच दोष देत गप्प बसते. आपला कायदा ही वाटणी मानत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीचं आहे, आणि त्याखालचं पहिलंच उदाहरण बदनामीकारक मजकूर छापण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याचं आहे. १८६० च्या दंडसंहितेतून ते तसंच आलंय. दुकान फोडण्याची धमकी त्या उदाहरणात नाहीच. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. पैसे अजून दिले नसले, तरी उकळण्यासाठी भीती घालणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे.

म्हणून मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रारीत ‘खंडणी मागितली’ असं स्पष्ट लिहा.