मोठेपणी ऑटिझमची तपासणी: करायची का, आणि करायची तर तयारी काय

ऑटिझम (स्वमग्नता) ओळखणारी रक्ताची चाचणी नाही की मेंदूचा स्कॅन नाही. तुमचं बालपण कसं गेलं, आज तुम्ही कसे वागता-बोलता आणि रोजच्या जगण्यात कुठे अडता, हे तिन्ही जुळवून तज्ज्ञ निदान करतात. यातला बालपणाचा पुरावा जुन्या कागदांत आणि आईवडिलांच्या आठवणीत असतो, आणि तो दरवर्षी थोडाथोडा कमी होत जातो. त्यामुळे तपासणी करायची की नाही हे अजून ठरलं नसेल, तरी तो जमवायला आताच लागा. निर्णय सावकाश घेतला तरी चालतो.

निर्णय घेताना आधी स्वतःला विचारा: निदानाचा कागद मी कुठे वापरणार आहे? स्वतःला समजून घेणं एवढाच हेतू असेल, तर कागदाशिवायही खूप काही करता येतं. आवाज कमी करणारे हेडफोन वापरायला, दिवसाची आखणी बदलायला किंवा जवळच्या माणसांशी मोकळेपणी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. तपासणी न करण्याचा निर्णयही पूर्णपणे रास्त आहे. पण कामाच्या ठिकाणी सवलत, परीक्षेत जादा वेळ किंवा एखादा सरकारी लाभ हवा असेल, तर सहसा अधिकृत अहवाल लागतो. वर्षानुवर्षं चिंता किंवा नैराश्यावर उपचार चालू आहेत आणि फरक पडत नाही, अशा वेळीही तपासणी करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण उपचारांची दिशाच बदलू शकते.

दुसरी बाजूही बघा. सैन्यदल, विमानचालनाचा परवाना, आयुर्विमा, काही देशांचे व्हिसा अशा अर्जांत आरोग्याची माहिती मागतात. निदान झालेलं असेल आणि अर्जात थेट विचारलं असेल, तर ते लपवता येत नाही. असा अर्ज नजीकच्या काळात करायचा असेल तर त्याचे नियम आधी वाचून घ्या.

पात्रता कशी ठरते

तज्ज्ञ मुख्यतः दोन ग्रंथांचे निकष वापरतात: अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा मानसिक विकारांवरचा डीएसएम-५ (२०१३, सुधारित आवृत्ती २०२२) आणि जागतिक आरोग्य संघटनेचा रोगांच्या वर्गीकरणाचा आयसीडी-११, जो २०२२ पासून लागू आहे. डीएसएमनुसार सामाजिक संवादाच्या तिन्ही अंगांत अडचण दिसावी लागते: संभाषणातली देवाणघेवाण, नजर-हावभाव आणि नाती जोडणं-टिकवणं. शिवाय पुढच्या चारपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात: तेच ते हातवारे किंवा बोलणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्या विषयात अतिशय खोल गुंतणं, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास. ही लक्षणं लहानपणापासूनची हवीत आणि त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. स्वभावात छटा आहेत पण कुठेच अडत नाही, अशा माणसाला निदान मिळत नाही.

नोकरी आहे, संसार आहे, बोलणं उत्तम आहे, म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे निकषांतच लिहिलेलं आहे. बायकांच्या बाबतीत हे झाकणं अनेकदा इतकं सफाईदार असतं की त्यांचं निदान वारंवार राहून जातं. शिवाय अ‍ॅस्पर्जर (बोलण्यात आणि बुद्धीत मागे नसलेल्यांसाठीचं ऑटिझमसारखं निदान) डीएसएममध्ये १९९४ साली आलं आणि २०१३ मध्ये ऑटिझममध्ये विलीन झालं. त्यामुळे १९९४ च्या आधी शाळेत गेलेलं, नीट बोलणारं, अभ्यासात बरं असलेलं मूल सहसा कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

प्रक्रिया

सुरुवात बहुधा प्रश्नावलीने होते. दहा प्रश्नांची एक्यू-१० ही त्यातली एक प्रचलित. तीत ६ किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी सुचवतात. हे गुण म्हणजे निदान नव्हे. सामाजिक भीतीमुळे ते वाढू शकतात आणि लपवण्याच्या सवयीमुळे घटूही शकतात. पुढची तपासणी मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. भेट ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव आहे का, आणि ज्या संस्थेला अहवाल द्यायचा आहे ती यांची सही मान्य करते का. दुसरा प्रश्न त्या संस्थेलाच विचारलेला बरा.

प्रत्यक्षात सविस्तर मुलाखत होते, अनेक ठिकाणी एडीओएस-२ ही निरीक्षण चाचणी घेतात आणि शक्य असेल तर आईवडिलांशी वेगळं बोलतात. एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता), ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा होणारा विकार), जुना मानसिक आघात यांचाही विचार होतो. एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही एकत्र असू शकतात. २०१३ पूर्वी डीएसएमनुसार तसं निदानच देता येत नव्हतं.

कागदपत्रं

ओळखपत्र आणि आधीचे वैद्यकीय अहवाल तर लागतीलच. खरं वजन शाळेच्या प्रगतिपुस्तकांना आहे, आणि त्यातही गुणांपेक्षा शेऱ्यांना. ‘हुशार आहे, पण इतर मुलांत मिसळत नाही’ अशी बाईंच्या हातची एक ओळ तज्ज्ञांना खूप काही सांगते. पहिलं बोलणं केव्हा सुरू झालं, खेळणी ओळीत लावायची सवय होती का, कुठल्या कपड्यावरून रडारड व्हायची, हे घरातल्या मोठ्यांकडून विचारून तारखेसह लिहून ठेवा. आईवडील नसतील तर मोठी भावंडं, मावशी, जुने शेजारी चालतात. कुणीच नसेल तरी तपासणी नाकारली जाऊ नये.

सोबत स्वतःच्या अडचणींचं टिपण न्या. ‘गर्दीचा त्रास होतो’ एवढ्याने काही कळत नाही. असं लिहा: ‘मीटिंगमध्ये तिघं एकदम बोलायला लागले की शब्द ऐकू येतात, अर्थ लागत नाही. नंतर बाथरूममध्ये दिवा बंद करून बसावं लागतं, तेव्हा पुढचं काम होतं.’ बोलताना ऐन वेळी सुचत नसेल तर हे टिपण सरळ वाचून दाखवा किंवा हातात द्या. आणि त्या दिवशी मुद्दाम नीटनेटकं वागायचा प्रयत्न करू नका. नेहमीची सवय म्हणून चेहऱ्यावर हसू आलं तर ‘हे मी ठरवून करते’ असं तिथेच सांगा.

उत्तर ‘ऑटिझम नाही’ असं आलं, तर कोणता निकष बसला नाही आणि अडचणींचं दुसरं कारण काय वाटतं, हे लेखी मागा. पटलं नाही तर दुसरं मत घेता येतं.

निदान झालं तर दोन कागद घ्या: पूर्ण अहवाल आणि एक पानी पत्र. पूर्ण अहवालात घरच्यांबद्दलचा, बालपणाचा खासगी तपशील असतो. तो मालकाला किंवा कॉलेजला द्यायची गरज सहसा नसते. पत्रात निदान, तारीख, तज्ज्ञांचा नोंदणी क्रमांक आणि नेमक्या कोणत्या सवलती हव्यात एवढंच असू द्या. सरकारी लाभासाठीचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र ही मात्र स्वतंत्र पायरी आहे. त्याचा अर्ज वेगळा, त्याची तपासणी वेगळी आणि नियम देशागणिक वेगळे. तिथे मूळ अहवाल फक्त दाखवा आणि जमा करायला छायाप्रत द्या.