स्कॅन नॉर्मल, पण कुठला स्कॅन?

"डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे मेंदूत रक्तवाहिनीचा फुगा नाही" हा निरोप गोव्यातल्या फॅमिली ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, पण साध्या सीटीचं काम वेगळं.

साधा सीटी सांडलेलं रक्त शोधतो. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं आणि डोकेदुखी सुरू झाल्यापासून पहिल्या 6 तासांत ते क्वचितच नजरेतून सुटतं. न फुटलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, बहुतेकदा काही मिलिमीटरचाच. तो साध्या सीटीत सहज हुकतो. त्यासाठी रक्तवाहिन्यांचंच चित्र लागतं: रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन सीटी अँजिओग्राफी, किंवा एमआर अँजिओग्राफी, जी इंजेक्शनशिवायही होते. शंका उरलीच तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांचं एक्स-रे चित्रण.

गेल्या चवथीला डिचोलीच्या मावशीची फाइल उघडून पाहिली. रिपोर्टच्या वरच होतं: "सीटी ब्रेन, प्लेन", म्हणजे साधा सीटी. तुमच्या रिपोर्टवरही तीच ओळ वाचा. "अँजिओ" शब्द नसेल तर रक्तवाहिन्या खास तपासलेल्या नाहीत.

म्हणून सगळ्यांनीच तपासणीला धावावं असं मुळीच नाही. साधारण 3 टक्के प्रौढांत असा फुगा असतो आणि बहुतेक कधी फुटत नाहीत. आईवडील-भावंडांत दोघांना झालाय, किंवा स्वतःला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि क्षणात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी न झालेली डोकेदुखी आली तर जुना रिपोर्ट शोधत बसू नका, 108 ला फोन करा.