जुन्या मोटारगाडीचे रंगकाम

जुन्या मोटारीचे घरच्या घरी पुनरुज्जीवन करताना तिच्या पत्र्यावर नव्याने रंगलेप चढविण्याचे काम. अशा गाड्यांना लावली जाणारी ‘व्हिंटेज’ ही संज्ञा ब्रिटिश मोटारक्लबांच्या प्रथेनुसार १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरती आहे. व्यवहारात ती बरीच सैल वापरतात.

आरंभीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच तेलरंग व व्हार्निश यांचे थर कुंचल्याने देत. सारे थर वाळून घासून होईपर्यंत कित्येक आठवडे जात. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून, असे याचे कारण सर्रास देतात. तथापि अस्फाल्टयुक्त काळे इनॅमल (वाळून कठीण, चकचकीत थर देणारा रंग) स्वस्त व टिकाऊ होते, हे कारण अधिक सयुक्तिक दिसते. ड्यू पाँ कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर (द्रावक उडून गेला की वाळणारा रंग) १९२३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले. अशी लॅकरे आधीही ज्ञात होती. परंतु फवारण्याइतकी पातळ केली की त्यांत घन भाग थोडा उरे आणि थर झिरझिरीत बसे. कमी श्यानतेच्या (दाटपणाच्या) नायट्रोसेल्युलोजमुळे ही अडचण सरली. हा शोध योगायोगाने लागल्याचे सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोसेल्युलोजला नवे गिऱ्हाईक हवे होते, ही पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते. पुढे अल्किड या कृत्रिम राळेची इनॅमले आली व लॅकर आणि इनॅमल हे दोन्ही प्रकार बराच काळ शेजारी-शेजारी नांदले.

त्यामुळे गाडीवर कोणता लेप आहे हे केवळ उत्पादनवर्षावरून ठरविता येत नाही; मध्यंतरी ती पुन्हा रंगविलेली असण्याचाही संभव असतो. दाराच्या आतल्या कडेवर लॅकर थिनरचा बोळा घासून पाहतात. रंग विरघळून बोळ्याला लागला तर लॅकर. सुरकुतला वा फुगला तर बहुधा इनॅमल. काहीच झाले नाही तर द्विघटकी (कठिणीकारक मिसळून वापरायचे) पॉलियुरेथेन किंवा भट्टीत पक्के झालेले इनॅमल. इनॅमलवर लॅकर फवारल्यास त्यातील तीव्र द्रावक खालचा थर उचलतात, म्हणून ही परीक्षा टाळू नये.

गंज काढणे, एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला लेप), पुट्टी आणि घासणी हा क्रम नेहमीचाच. मात्र साध्या प्रायमरमधून ओल झिरपते. नुसता प्रायमर मारून गाडी महिनोन्महिने ठेवली की गंज आतून पुन्हा धरतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून वॉटर पेपरने घासतात. दमट हवेत लॅकर पांढुरके पडते: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प साकळते. सावकाश उडणारे थिनर वापरल्यास हा दोष बराच कमी होतो.

द्विघटकी रंग अधिक चकाकतो व टिकतो. पण त्याच्या कठिणीकारकातील आयसोसायनेटांमुळे दमा जडू शकतो, आणि ते फवारताना बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. घरच्या गॅरेजला नायट्रोसेल्युलोज लॅकरच बरे: ते ज्वालाग्राही आहे खरे, परंतु फसलेला ओघळ घासून तेवढ्याच जागी पुन्हा फवारता येतो. मूळ रंग शाबूत असल्यास तो जतन करण्याकडेच फिव्हा या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तुरिन सनदेचा कल आहे.