पांदणीतली शर्यत : हौशी माउंटन बायकिंग वऱ्हाडात आलं कुठून

पोळा सरला, पाऊस ओसरला की आमच्याकडच्या सायकल दुकानांत ओव्हरऑइलिंगचा हंगाम सुरू व्हायचा. सायकल उलटी करायची, दोन्ही हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, उघडायचे, काळे पडलेले छर्रे रॉकेलच्या ताटलीत धुवायचे, नवं ग्रीस भरायचं आणि छर्रे जागी धरणारे ‘कोन’ असे आवळायचे की चाक सहज फिरावं पण डुलू नये. हे बघत मोठ्या झालेल्या माणसाला माउंटन बाइकच्या जन्मकथेतली एक गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. ज्या शर्यतीपासून हा खेळ सुरू झाला असं मानतात, तिचं नावच मुळी ग्रीस भरण्यावरून पडलं आहे.

ती शर्यत म्हणजे ‘रिपॅक’. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ती पहिल्यांदा झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर खाली उतरणारी कच्ची वाट. सायकलींना मागच्या हबमधला, पॅडल उलटं मारल्यावर लागणारा ब्रेक. उतारभर तो धरून ठेवला की हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडा आणि पुन्हा ग्रीस भरा. ‘रिपॅक’चा अर्थ तेवढाच, पुन्हा भरणं.

सायकलीही नव्या नव्हत्या. १९३० आणि ४०च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या, भंगारात काही डॉलरला मिळणाऱ्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या. तिथली पोरं त्यांना ‘क्लंकर’ म्हणत, आपण खटारा म्हणतो तसं. श्विननं १९३३ मध्ये सव्वादोन इंचांच्या आतबाहेर रुंदीचे, फुग्यासारखे टायर अमेरिकेत आणले होते आणि त्यांचं चाक २६ इंची होतं. पुढे पन्नासेक वर्षांनी जगभरच्या माउंटन बाइकला २६ इंची चाक मिळालं ते या भंगारामुळे. कुणी शास्त्रीय मोजमाप करून तो आकार ठरवला नव्हता. हातात जे होतं ते वापरलं, इतकंच.

उतारावरची ही मजा क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या कच्च्या वाटेवरची शर्यत, कशी झाली, त्याचं उत्तर गिअरमध्ये आहे. क्लंकर वर ढकलत न्यावी लागे, नाहीतर ट्रकमध्ये घालून. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीतल्या एका सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातून चालणाऱ्या) शर्यतीला कूपर्टिनोची काही मंडळी आली. त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर बसवलेले होते आणि ते अंगठ्यानं बदलता येत. मरिनच्या मंडळींनी ते पाहिलं. त्यांच्यातला गॅरी फिशर रस्त्यावरच्या शर्यतीतला खेळाडू होता, त्यानं आपल्या खटाऱ्याला गिअर लावले आणि चढाव आवाक्यात आला. जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम जोडली. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनीच काढली, फ्रेमी टॉम रिची करून द्यायचा. हाताने केलेल्या फ्रेमींच्या किमती सामान्यांच्या आटोक्यातल्या नव्हत्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीनं जपानात बनवून घेतलेली ‘स्टंपजम्पर’ बाजारात आणली, तेव्हा ही सायकल दुकानात जाऊन घेता येऊ लागली.

पुढचं झपाट्यानं झालं. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाची संघटना झाली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली, क्रॉस-कंट्रीत नेड ओव्हरेंड आणि ज्युली फुर्टाडो जिंकले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीला जागा मिळाली. बार्ट ब्रेंटजेन्स या डच खेळाडूनं सुवर्ण घेतलं ते २ तास १७ मिनिटं ३८ सेकंदांत. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण २०१२ मध्ये लंडनला यारोस्लाव्ह कुल्हावीनं तेच पदक १ तास २९ मिनिटांत जिंकलं. मधल्या काळात माणसं एवढी वेगवान झाली नव्हती, शर्यतच आखूड झाली होती. आता साधारण चार ते सहा किलोमीटरची फेरी आखतात आणि ती दीड तासाच्या आसपास संपेल इतक्या वेळा मारायला लावतात. प्रेक्षकाला तोच खेळाडू पुन्हा पुन्हा दिसतो, टीव्हीचा कॅमेराही एका जागी बसवता येतो.

आता आपल्याकडे वळतो, आणि इथे गोष्ट उलटी आहे. त्यांच्याकडे आधी खेळ आला आणि खेळाला हवी तशी सायकल मागून घडली. आपल्याकडे आधी त्या सायकलीचं रूप आलं. खेळ यायला आणखी बरीच वर्षं गेली.

खरं तर कच्च्या वाटेची सायकल वऱ्हाडात त्याच्या कितीतरी आधी होती. १९५०च्या दशकात सेन-रॅले, अॅटलस, हिरो आणि मद्रासच्या टीआय कंपनीच्या हर्क्युलस गावोगाव पोचल्या. काळी, उंच, दांडीवाली, सळईच्या ब्रेकची सायकल. मास्तर, पोस्टमन, दूधवाला, ग्रामसेवक सगळे तिच्यावर. पांदणीतून, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेनं, वावरात, वावरातून तालुक्याला. कॅरिअरला कापसाचं गाठोडं, हँडलला डबा. शर्यतीची सायकल चालवणाऱ्याला एक गोष्ट ऐकून गंमत वाटेल : २००० नंतर ‘मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं’ असं सांगत जी २९ इंची चाकं आली, त्यांच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. आपल्या काळ्या सायकलच्या २८ इंची म्हणवल्या जाणाऱ्या रिमचा ६३५. म्हणजे आमच्या दूधवाल्याकडे त्याहून मोठं चाक आधीच होतं. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटाही लांब आणि पुढे वाकलेला, त्यामुळे खड्ड्याचा धक्का थोडा त्यातच जिरायचा. नव्हता तो टायरचा जाडपणा, गिअर आणि धड थांबवणारा ब्रेक. ओल्या रिमवर सळईचा ब्रेक धरणं म्हणजे नुसती विनंती करण्यासारखं.

सायकलचा खेळही होता, पण तो वेगाचा नव्हता. २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर स्लो सायकल रेस व्हायची, त्यात सगळ्यात मागे राहणारा जिंकायचा. दुसरा प्रकार म्हणजे चौकात दिवसरात्र सायकलवरून न उतरता फिरणारा माणूस. सायकलवरच अंघोळ, सायकलवरच जेवण, शेवटच्या दिवशी लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. वेग आणि ईर्षा हवी असेल तर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, होताच. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाला लोटणारी गर्दी बघितली की कळतं, शर्यत ही गोष्ट वऱ्हाडाला कुणी शिकवायची गरज नव्हती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाले. घड्याळ लावून वेळ मोजणं, जोड्यांचे गट पाडणं, लाउडस्पीकरवर सतत बोलणारा निवेदक, ही गावातल्या सायकल शर्यतीची सगळी मांडणी पटावरूनच उचललेली वाटते. हे माझं मत, पण दोन्ही बघितलेल्यांना फार पटवावं लागत नाही.

१९९०च्या दशकात गावात ‘रेंजर’ शब्द रुळला. मूळ नाव हिरोच्या एका मॉडेलचं, पण पुढे जाड टायर आणि सरळ हँडल असलेली कुठलीही सायकल रेंजर झाली. मग शॉकपवाल्या आल्या, पुढेही स्प्रिंग, मागेही स्प्रिंग. मी दहावीत असताना हट्ट करून एक घेतली होती. वर्षाच्या आत मागच्या सांध्यातलं बुश झिजलं आणि सायकल चढावर कंबर हलवल्यासारखी चालू लागली. पॅडलवर लावलेला अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यातच जायचा. दुकानदारानं सांध्यात कपड्याची चिंधी गुंडाळून दिली आणि म्हणाला, आता नाही हलणार. दोन दिवस नाही हललं. पुढचा शॉक-फोर्क परदेशात १९८९-९० पासून शर्यतीत आला तो तेल आणि हवेच्या दाबावर चालणारा, धक्का खाऊन परत उसळी मारू न देणारा. आमच्याकडे आली ती नुसती स्प्रिंग.

याच काळात पांदणीवरची सायकल ओसरत गेली. मोटरसायकल परवडू लागली, २००० पासून पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून डांबर गावापर्यंत आलं. सायकल उरली शाळकरी पोरांकडे, आणि विशेषतः पोरींकडे. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. सकाळी दहाला कुठल्याही फाट्यावर उभं राहिलं की रांगच दिसते.

खेळ म्हणून सायकल परतली ती शहराकडून. २००५ मध्ये फायरफॉक्ससारख्या ब्रँडनं गिअरच्या चांगल्या सायकली देशात विकायला घेतल्या. त्याच वर्षी हिमाचलात अनेक दिवसांची माउंटन बाइक शर्यत सुरू झाली, जी पुढे ‘एमटीबी हिमालया’ म्हणून ओळखली गेली. पण विदर्भात आधी रुजली ती लांब पल्ल्याची डांबरी सायकलिंग : २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या फेऱ्या. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली, २०१८ मध्ये रशियातली ९,००० किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि तालुक्याच्या डॉक्टर, शिक्षक, व्यापारी मंडळींनी सायकली काढल्या. कोरोनाच्या काळात जिम बंद झाली तेव्हा दुसरी लाट आली. या दुसऱ्या लाटेतल्या बऱ्याच जणांनी हायब्रीड (रस्त्याची आणि माउंटन बाइक यांच्या मधली) किंवा माउंटन बाइक घेतली होती, आणि हायवेवरच्या ट्रकांना कंटाळून ते पांदणीत उतरले. इथून हौशी क्रॉस-कंट्री म्हणता येईल असं काही सुरू झालं.

डोंगरात का नाही, असं बाहेरचे लोक विचारतात. सातपुडा आहे, चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे. पण मेळघाट हे १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी. जंगलातल्या पायवाटेवर सायकलचा घोळका सोडणं कायद्यानं जमत नाही आणि जमू नये. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला सुंदर आहे, पण ते डांबर. म्हणून शर्यत होते गायरानात, नाल्याकाठी, कालव्याच्या पाळीवरून, मुरमाच्या टेकाडावर आणि कापणी झालेल्या वावरांच्या धुऱ्यावरून. तीही दिवाळीनंतर होळीपर्यंतच. पावसाळ्यात काळी माती ओली झाली की टायरवर थर चढत जातो. त्यात काडीकचरा मिसळला की पाच मिनिटांत चाक फोर्कमध्ये फिरेनासं होतं आणि सायकल खांद्यावर. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात, बारीक टायर अलगद अडकण्याइतक्या रुंद. शिवाय ४५ अंशांत शर्यत ठेवणारा शहाणा नव्हे. पाठीवरची पाण्याची पिशवी निघाली तीही उकाड्यातूनच : १९८८ मध्ये टेक्सासमधल्या १०० मैलांच्या एका सायकल फेरीत रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मायकेल आयडसननं सलाइनची पिशवी मोज्यात घालून शर्टाच्या पाठीला शिवली होती. कॅमलबॅक कंपनी त्यातून झाली.

सामानाबद्दल बोलायचं तर इथला खरा प्रतिस्पर्धी काटा आहे. बाभूळ आहेच, पण जास्त छळतो तो सराटा, म्हणजे गोखरू. गंमत अशी की अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातही सायकलवाले याच वनस्पतीला शिव्या देतात, तिथे ती जुन्या जगातून गेलेली. १९९९ मध्ये माविक कंपनीनं माउंटन बाइकसाठी ट्यूबलेस चाकांची पद्धत आणली. पुढे टायरच्या आत पातळ सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, ओतायची चाल रुळली, आणि सराट्यानं केलेलं भोक चाक फिरता फिरता बुजू लागलं. मला विचाराल तर शर्यतीत उतरणाऱ्यानं पहिला खर्च इथे करावा. तुरीच्या खुंटांपुढे मात्र सीलंटही हात टेकतं. ती कापलेली खुंटं तिरकी आणि टोकदार असतात, टायरची बाजूच फाडतात. जवळ ट्यूब, पंप आणि आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा असलेला बरा.

बाकी, पुढे चांगला शॉक-फोर्क आणि मागे काही नाही अशी सायकल आमच्या वाटेला पुरते. वाट खडबडीत असते, पण मोठे दगडी टप्पे नसतात. चाकाच्या आकारावर वाद घालत बसू नये. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुल्हावी २९ इंचीवर होता, दुसरा आलेला निनो शुर्टर साडेसत्तावीसवर, आणि दोघांत अंतर पडलं ते एका सेकंदाचं. त्याच वर्षी सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे ११ अशी रचना आणली. पुढचा गिअर बदलायचा पट्टा गेला म्हणजे चिखल आणि पऱ्हाटीच्या काड्या अडकायची एक जागा कमी झाली. आमच्या भागाला हा बदल शॉकपपेक्षा जास्त मानवला.

वाट मात्र दर वर्षी नव्यानं शोधावी लागते. २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून पांदणींवर मुरूम, गिट्टी पडते आहे. शेतकऱ्याला बैलगाडी, ट्रॅक्टर पावसात बाहेर काढता येतो, त्यामुळे त्यावर तक्रार करायचा आम्हाला हक्क नाही. फक्त मागच्या वर्षीचं अवघड वळण यंदा सरळ सापडतं. दोन गट ठेवावे लागतात, गिअरचा आणि बिनगिअरचा, कारण शाळेच्या सायकली घेऊन पोरंपोरी हमखास येतात. आणि आदल्या संध्याकाळी दोघंजण ओलं गोणपाट सायकलच्या मागे दोरीनं बांधून सगळी फेरी ओढत नेतात. परत येतात तेव्हा ते सराट्यांनी भरलेलं असतं.