मार्ली अँड मी : समीक्षकांचा कौल आणि प्रेक्षकांचे स्वागत

मार्ली अँड मी : एक तरुण जोडपे आणि त्यांचा अनावर लॅब्रॅडॉर कुत्रा यांच्या सहजीवनावरील अमेरिकन विनोदी-भावनाट्य चित्रपट. दिग्दर्शक डेव्हिड फ्रँकेल, पटकथा स्कॉट फ्रँक व डॉन रूस, प्रमुख भूमिका ओवेन विल्सन आणि जेनिफर ॲनिस्टन. पत्रकार जॉन ग्रोगन यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर तो आधारलेला असून २५ डिसेंबर २००८ रोजी, ऐन नाताळात, अमेरिकेत प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी त्याला भरभरून प्रतिसाद दिला; समीक्षकांत मात्र सरळ दोन तट पडले. या नोंदीत त्या मतभेदाचा परामर्श घेतला आहे आणि गोव्यातील मराठी प्रेक्षकाला तो कसा दिसतो याचाही विचार केला आहे.

कथानक : समीक्षा समजण्यापुरते कथानक असे. जॉन आणि जेनी हे नवविवाहित पत्रकार दांपत्य फ्लॉरिडात येऊन स्थिरावते. मूल इतक्यात नको, पण जेनीच्या मनात तो विचार घोळू लागलेला. तेव्हा जॉन तिला कुत्र्याचे पिल्लू आणून देतो. गायक बॉब मार्लीवरून त्याचे नाव मार्ली पडते. हा मार्ली फर्निचर कुरतडतो, ढगांच्या गडगडाटाला घाबरून सैरभैर होतो आणि शिकवणीच्या वर्गातून हाकलला जातो. पुढे जेनीचा पहिला गर्भ टिकत नाही, मग तीन मुले होतात, घरे बदलतात, नोकऱ्या बदलतात. बिऱ्हाड अखेर पेनसिल्व्हेनियात जाते. मार्ली म्हातारा होतो, त्याच्या पोटाला पीळ पडतो आणि पशुवैद्याकडे त्याला शांतपणे निरोप द्यावा लागतो. कथानक म्हणावे तर एवढेच. खलनायक नाही, गुंतागुंत नाही, उत्कंठा नाही.

व्यावसायिक यश : त्याच दिवशी बड्या नटांचे आणखी तीन मोठे चित्रपट अमेरिकेत लागले होते. तरीही पहिल्या दिवशी सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर मिळवून या चित्रपटाने नाताळच्या दिवसाचा तोवरचा उच्चांक मोडला. पहिल्या चार दिवसांत ५ कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि दोन आठवडे तो पहिल्या क्रमांकावर राहिला. निर्मितीखर्च सुमारे ६ कोटी डॉलर होता, जगभरातील उत्पन्न २४ कोटींच्या वर गेले.

समीक्षकांचा कौल : रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर नोंदवलेल्या परीक्षणांपैकी साठ टक्क्यांहून थोडी अधिक अनुकूल आहेत. परीक्षणांना गुण देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरील सरासरी शंभरात पन्नासच्या जरा वर, म्हणजे संमिश्र. मात्र या सरासरीने फसू नये. ‘बरा आहे’ असे बहुतेकांचे मत होते म्हणून ती मध्यावर आलेली नाही. काहींना चित्रपट मनापासून भावला आणि काहींना तो पोकळ वाटला, यामुळे ती तिथे आली.

‘व्हरायटी’तील टॉड मॅकार्थी यांनी चित्रपटाचा ढोबळपणा मान्य केला. विनोद उघड आहे आणि शेवटच्या भागात डोळ्यांतून पाणी काढण्याचा आटापिटा लपवलेला नाही, हे त्यांनी नोंदवले. पण विल्सन आणि ॲनिस्टन यांच्यात जी सहज जवळीक दिसते तिच्या बळावर चित्रपट स्वतः मांडलेल्या अटी पूर्ण करतो, असा त्यांचा निर्वाळा होता. तो चालणार हेही त्यांनी ओळखले होते. ‘हॉलिवूड रिपोर्टर’चे कर्क हनीकट नेमके उलट बोलले. नाट्य नावाला आणि विनोद कुत्रा हुंदडतो तेवढाच. लग्नातले ताण, नोकरी आणि संसार यांची ओढाताण हे खरे विषय कुत्र्याच्या करामतींखाली गडप झाले, ही त्यांची मुख्य तक्रार. श्वानप्रेमींना त्याचे काही वाटणार नाही, आणि चित्रपटाचा प्रेक्षक मुळात तोच, असेही त्यांनी लिहिले.

दोघांची मते एकमेकांना छेद देणारी असली तरी दोघांनी पाहिलेल्या गोष्टी सारख्याच आहेत. भेद पडतो तो चित्रपट कोणाचा, या प्रश्नावर. कुत्र्याचा मानला तर संसाराची दृश्ये मधल्या भरतीसारखी वाटतात. संसाराचा मानला तर कुत्रा अडथळा वाटतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते दोन्ही वाचने अपुरी आहेत. हा चित्रपट काळाचा आहे. जोडप्याला आपण बदलतो आहोत हे दिसत नाही, कारण ती दोघे रोज एकमेकांसमोर असतात. कुत्र्याचे वय मात्र डोळ्यांदेखत सरते. लग्नाच्या सुरुवातीला पिल्लू असलेला प्राणी मोठा मुलगा कळता होईपर्यंत जिना चढू शकत नाही. या उतरंडीसाठी निर्मात्यांनी वेगवेगळ्या वयांचे मिळून २२ कुत्रे वापरले. ही हौस नव्हती, पटकथेची गरज होती. मार्लीचे म्हातारपण पटले नसते तर जॉन-जेनीची मधली वर्षेही पटली नसती.

याचा पुरावा द्यायचा तर एक प्रसंग बारकाईने पाहावा. गर्भ टिकला नसल्याचे डॉक्टरांकडून कळल्यावर दोघे घरी येतात. एरवी दारातच अंगावर झेपावणारा मार्ली या वेळी जेनीच्या मांडीवर डोके ठेवून निश्चल बसतो. ती त्याला कवटाळून रडते. दिग्दर्शक इथे संवाद जवळपास देत नाही. प्रसंग मोठा करण्याची संधी असताना तो आवरता घेतो. भावविवशतेचा आरोप करणाऱ्यांनी शेवटच्या वीस मिनिटांकडे बोट दाखवले ते ठीक, पण या दृश्यातला संयम हिशेबात धरायला हवा होता. दुसरी जागा जॉनच्या स्तंभलेखनाची. त्याला बातमीदार व्हायचे असते, मित्र सेबॅस्टियनसारखे जगभर फिरायचे असते. संपादक त्याच्या गळ्यात स्तंभ मारतो. पुढे तुटक वाक्यांच्या निवेदनातून वर्षे भराभर सरकतात : कुत्र्याने काय फोडले, कोणत्या दिवशी कोण आजारी पडले, कोणत्या दिवशी काहीच घडले नाही. हा चित्रपटातला सर्वांत चतुर तुकडा आहे. संपादकाच्या भूमिकेत ॲलन आर्किन यांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता केलेला विनोदही दाद घेऊन जातो.

खरी उणीव वेगळीच आहे. जेनी ही जॉनपेक्षा सरस पत्रकार, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. मुलांसाठी ती नोकरी सोडते. या निर्णयाची किंमत एकदोन भांडणांत आणि बाळंतपणानंतरच्या खिन्नतेच्या काही प्रसंगांत उरकली जाते. रागाच्या भरात ती मार्लीला घराबाहेर काढायला सांगते आणि नंतर स्वतःच मागे घेते. कुत्रा घरात राहतो, पण तिच्या मनात साचलेले तिथेच राहते. जॉनला चाळिशीत स्वतःच्या स्वप्नांबद्दल बोलायला वेळ मिळतो, जेनीला मिळत नाही. हनीकट यांच्या तक्रारीत तथ्य आहे ते इथे. फक्त दोष कुत्र्याचा नव्हे, लेखणीचा आहे.

जाहिरात आणि अपेक्षाभंग : चित्रपटाच्या भित्तिपत्रकांवर गोंडस पिल्लू होते, मृत्यूची चाहूल नव्हती. नाताळची सुट्टी म्हणून मुलाबाळांसह गेलेल्या प्रेक्षकांपैकी ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते, त्यांना शेवट अनपेक्षित होता. कुत्र्याच्या शेवटाची पूर्वसूचना प्रेक्षकाला असावी की नाही, हा प्रश्न त्यानंतरही अशा प्रत्येक चित्रपटाच्या वेळी निघतो. चित्रपटात प्राणी मरतो की नाही हे आधी सांगणारे एक स्वतंत्र संकेतस्थळसुद्धा आता आहे आणि पालक ते आवर्जून पाहतात. जाहिरातीने विनोदी अंग पुढे करून शोक झाकला, ही टीका रास्त आहे. चित्रपट स्वतः मात्र फसवत नाही. मार्ली थकत चालल्याच्या खुणा तो पुष्कळ आधीपासून पेरत जातो.

गोमंतकीय मराठी प्रेक्षक : गोव्यात परदेशी चित्रपटाकडे सवयीने पाहणारा वर्ग २००४ नंतर वाढला. त्या वर्षी भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला आणि जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले. महोत्सवाच्या दिवसांत पणजीत रांगेत उभी राहणारी मंडळी आणि घरी बसून हॉलिवूडचा कौटुंबिक चित्रपट पाहणारी मंडळी वेगळी असली, तरी दोघांच्या रसिकतेचा पाया एक आहे : जत्रेतले नाटक. काल्याला किंवा देवाच्या उत्सवाला गावच्या हौशी नटांनी उभे केलेले मराठी नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्यात हसणे आणि रडणे एकाच बैठकीत होते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये तळीराम प्रेक्षकांना खो-खो हसवतो आणि त्याच नाटकात सिंधूचा संसार मातीत जातो. हे नाटक पाहून वाढलेल्या माणसाला विनोदी म्हणून सुरू झालेली गोष्ट शोकात संपली याचे वैषम्य वाटत नाही. अमेरिकन समीक्षेत या मिश्रणाला ‘सुरांचा गोंधळ’ म्हणून नावे ठेवली जातात, तिथे फोंडा किंवा डिचोलीकडचा जाणता प्रेक्षक आधी विचारील तो प्रश्न असा : रडवले ते पात्रावर ओढवलेल्या प्रसंगाने, की नुसत्या पेटीच्या सुराने? ही कसोटी अधिक कडक आहे. तिच्यावर घासला तर मांडीवर डोके ठेवल्याचा प्रसंग खरा उतरतो, पशुवैद्याकडचा निरोपही बहुतांशी उतरतो. त्यानंतरचे झाडाखालचे दफन, मुलांच्या चिठ्ठ्या आणि निवेदनातली शिकवण हे मात्र लांबवलेले वाटते.

कुत्र्याशी असलेले नातेही इथे निराळे आहे. गोव्याच्या खेड्यातला कुत्रा बहुधा कुणा एकाचा नसतो. एका घरी भाताची पेज आणि मासळीची काटे-डोकी खातो, दुसऱ्याच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, झोपतो आणि साऱ्या वाड्यावर भुंकतो. त्याचे नाव टायगर असते किंवा मोती. त्याच्या जाण्याचे दुःख होते, पण ते वाड्यात वाटले जाते. पर्वरी, पणजी, मडगाव इथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तरुण जोडप्यांचे तसे नाही. नोकरीच्या वेळा, फेरफटक्याची पाळी, लसीकरण, गावी गेल्यावर सांभाळायला कोण, हे सगळे दोघांवरच येते. कुत्र्यावरून होणारी भांडणे खरे तर आपापल्या वाट्याच्या कामांवरून असतात, हे त्यांना सांगावे लागत नाही. मूल होण्याआधी कुत्रा आणणाऱ्या जोडप्याची गोष्ट आजीला चमत्कारिक वाटेल, नातसुनेला ओळखीची वाटेल. आणि जूनमधल्या पहिल्या गडगडाटाला किंवा नरकासुराच्या रात्रीच्या फटाक्यांना पलंगाखाली शिरून थरथरणारे जनावर ज्यांच्या घरी आहे, त्यांना वादळात सैरभैर होणारा मार्ली नुसता विनोदी वाटणे शक्य नाही.

हिंदी चित्रपटांशी तुलना केली की आणखी एक गोष्ट उजेडात येते. १९८५ च्या ‘तेरी मेहरबानियाँ’मध्ये कुत्रा मालकाच्या खुनाचा सूड घेतो, १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन..!’मध्ये टफी चिठ्ठी योग्य हाती पोहोचवून लग्न जुळवतो. आपल्या पडद्यावरच्या कुत्र्याने काहीतरी पराक्रम करावा, अशी सवय प्रेक्षकाला लागली आहे. मार्ली कोणाला वाचवत नाही, काही शोधून काढत नाही. तो फक्त असतो आणि नुकसान करतो. पराक्रमाविना प्रेम मिळवणारा कुत्रा ही या चित्रपटाची मोठी देणगी आहे आणि परीक्षणांत तिची दखल फार थोडी घेतली गेली. कन्नडमधील ‘७७७ चार्ली’ (२०२२) या किरणराज के. दिग्दर्शित चित्रपटात एकट्या माणसाच्या आयुष्यात लॅब्रॅडॉर कुत्री येते. उच्छाद, लळा आणि आजारपण हा प्रवास तिथेही आहे. त्याला कन्नडमधील सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या प्रकाराकडे आपल्याकडची समीक्षा गंभीरपणे पाहू लागल्याचे हे चांगले लक्षण आहे.

पूर्वकथा : २०११ मध्ये मार्लीच्या पिल्लूपणावर एक पूर्वकथा आली. ती चित्रपटगृहांत न लावता थेट घरगुती बाजारात उतरवली गेली. त्यात कुत्री माणसांसारखी बोलतात आणि जॉन-जेनीचा संसार नाही. मूळ चित्रपटात कुत्र्याने संसार झाकोळला, असे म्हणणाऱ्यांनी ही पूर्वकथा अवश्य पाहावी : संसार काढून घेतल्यावर नुसत्या कुत्र्याच्या करामती किती वेळ पुरतात, हे त्यात स्पष्ट दिसते.