वारसा वास्तूंची प्रकाशयोजना

ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि आजही अनेक कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंमध्ये, मूळ बांधकामाला व कलाकामाला धक्का न लावता केलेली दिव्यांची योजना. प्रार्थना, मैफल, प्रदर्शन, सभा यांना लागणारा उजेड वेगवेगळा असतो. त्यामुळे दिवे गटागटांनी जोडून प्रत्येक कार्यक्रमासाठी तीव्रतेची जुळणी आधीच ठरवून ठेवतात.

प्रकाशामुळे होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. उजेड निम्मा केला, पण दुप्पट वेळ ठेवला, तर हानी साधारण तेवढीच होते. कापड, जलरंगचित्रे, हस्तलिखिते यांच्यावर सुमारे ५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक), तर तैलचित्रांवर सुमारे २०० लक्सपर्यंत उजेड ठेवण्याचा संग्रहालयांमधील प्रघात आहे. अतिनील किरण गाळावे लागतात. वाचनासाठी याहून बराच जास्त उजेड लागतो. तो सगळ्या दालनात न पसरता टेबलावरच्या दिव्यातून देणे उत्तम.

व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेल हे याचे बोलके उदाहरण. ते उपासनास्थळ आहे, संग्रहालयाचा भाग आहे आणि पोपची निवडही तिथेच होते. २०१४ मध्ये तिथे सुमारे ७,००० एलईडी बसवले गेले. ते खिडक्यांखालच्या कंगोऱ्याआड असल्याने पाहणाऱ्याला दिसत नाहीत. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या छताच्या रंगद्रव्यांचा अभ्यास करून प्रकाशातील रंगांचे प्रमाण ठरवले गेले. रोजच्या पर्यटकांसाठी मंद उजेड आणि समारंभांसाठी वेगळी, प्रखर योजना आहे.

बसवणीत खरी कसोटी लागते. उद्या काढून टाकता येईल असेच काम करावे, हे मुख्य पथ्य. स्क्रू दगडात न मारता दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात मारतात, कारण सांधा पुन्हा भरता येतो. फुटलेला दगड पूर्ववत होत नाही. वायरी कोरीवकामावरून न नेता कंगोऱ्यांमागून किंवा जुन्याच मार्गांनी ओढतात. जुन्या झुंबरांमध्ये आतली वायरिंग बदलून मूळ काच राखता येते.

बाहेरून टाकलेले भडक रंगीत झोत गर्दी खेचतात, पण त्यांत दगडाचा स्वतःचा रंग हरवतो. मुंबईच्या मालाड दगडाची पिवळसर छटा खुलते ती २,७०० ते ३,००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर) उबदार, तिरप्या उजेडात. समोरून सपाट झोत टाकला की कोरीवकामाच्या सावल्याच पुसल्या जातात.