नाव सोडणाऱ्या नद्या : मीपण विरण्याच्या कल्पनेची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एक होतं. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. तिथून खाली कासारीचं पाणी वेगळं कुणी काढून दाखवत नाही, सगळी पंचगंगाच. मुंडकोपनिषदात नेमकं हेच चित्र आहे: वाहत्या नद्या नाव-रूप टाकून समुद्रात मावळतात, तसा ज्ञानी परमपुरुषात. मीपण विरण्याबद्दल आपल्याकडे पुढे जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं याच उतारावरून वाहत आलं.

बौद्धांनी मात्र मुळालाच हात घातला. 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्षू नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जोडलेल्या भागांना दिलेलं ते नुसतं नाव, तसंच 'नागसेन' हेही. म्हणजे विरायला आधी कुणी नव्हतंच. हे दोन विचार आपण सर्रास एकाच पोत्यात भरतो, ते मला खटकतं.

बाराव्या शतकात शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या लिंगायत संतांनी, सहा स्थळांची, म्हणजे सहा पायऱ्यांची वाट सांगितली. शेवटचं स्थळ ऐक्य, शिवाशी एकरूप होणं. कणेरीचा सिद्धगिरी मठ याच परंपरेतला. विसाव्या शतकात तिथले काडसिद्धेश्वर महाराज अद्वैत शिकवणाऱ्या इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य झाले. मुंबईचे निसर्गदत्त महाराज त्यांचे गुरुबंधू.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो तुकोबांचा अभंग. "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो झाला सोहळा अनुपम्य." त्यातल्या 'म्यां'पाशी थांबावं. मेला कोण आणि पाहिलं कुणी? उत्तर पुढे आहे: "एकदेशीं होतों अहंकारें आथिला । त्याच्या त्यागें झाला सुकाळ हा." एका जागी कोंडलेला मेला, गेलं ते कुंपण. आणि 'सुकाळ' म्हणतोय कोण? 1630 च्या आसपासच्या दुष्काळात ज्याची बायको "अन्न अन्न करितां मेली" तो माणूस. त्याच्या तोंडी हा शब्द उपमेपुरता येत नाही.

पंचगंगाही पुढे नृसिंहवाडीला आपलं नाव कृष्णेच्या हवाली करते. पावसाळ्यात पाणी देवळात चढतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि माणसं त्या पाण्यात उतरून स्नान करतात. वाडीत त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात.